५० किलोवॅट विरुद्ध २०० किलोवॅट

प्रश्न आलाय: डब्ल्यूईसीच्या (लांब पल्ल्याच्या कार शर्यतींची जागतिक मालिका) २०२६ च्या हंगामात नव्याने उतरणाऱ्या जेनेसिसची हायब्रिड मोटर (इंजिनाच्या जोडीची विजेची मोटर) ५० किलोवॅटची, फेरारी-टोयोटाची २०० ची, मग लढत बरोबरीची कशी?

होऊ शकते, कारण मोटरची ताकद इंजिनाच्या ताकदीत जादा म्हणून मिळत नाही. मर्यादा चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या एकूण शक्तीवर आहे आणि ती ड्राइव्हशाफ्टवरचे (चाकांना फिरवणारा दांडा) टॉर्क सेन्सर सतत मोजतात. मोटरने जेवढं दिलं तेवढं इंजिनाने कमी द्यायचं. शिवाय फेरारी-टोयोटाची मोटर पुढच्या चाकांवर असते आणि ठरावीक वेगाखाली तिला जोर लावता येत नाही, त्यामुळे संथ वळणातून निघताना चारचाकी ओढीचा फायदा मिळत नाही. ॲस्टन मार्टिन वाल्कीरीत तर हायब्रिडच नाही, नुसतं ६.५ लिटरचं व्ही१२ (काय आवाज आहे!), तरी ती याच वर्गात धावते.

प्रत्येक स्टिंटला (दोन पिट थांब्यांमधला टप्पा) किती ऊर्जा वापरली हेही याच सेन्सरवरून ठरतं. कोटा ओलांडला की दंड.

माझ्या मते नव्या संघाची परीक्षा टायरवर आहे. टायर आधीच तापवणारे वॉर्मर २०२३ पासून बंद, त्यामुळे पिटमधून निघाल्यावर पहिल्या लॅपला पकड जवळजवळ नसते. मागची चाकं थंड असताना थ्रॉटल घाईने दाबला की गाडी फिरलीच. त्यातच इंधन भरून झाल्याशिवाय टायरला हात लावता येत नाही, म्हणून तेच टायर दुसऱ्या स्टिंटलाही टिकवणाऱ्याचा दर थांब्याला वेळ वाचतो. पहिल्या शर्यतीत जेनेसिसचे दुसऱ्या स्टिंटचे लॅप टाइम बघा.