मदत हवी आहे: येळवशीला कुत्रीचं पोट कसं सांभाळावं?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमची शेती आहे. घरी तीन वर्षांची कारवानी कुत्री आहे, वजन वीस किलोच्या आसपास. लसी झालेल्या आहेत, जंताचं औषधही वेळच्या वेळी देतो. एरवी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, कधी उकडलेलं अंडं नाहीतर चिकन. तब्येत ठणठणीत. पण सणवार आला किंवा रानात हुरड्याला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी हमखास ढाळ लागतात, कधी ओकाऱ्याही.

येळवस तोंडावर आलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गणगोत रानात जेवायला असतं. भज्जी (बेसन लावलेली मिसळीची भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील, गव्हाची खीर. ही बया कोपीच्या (कडब्याच्या खोपटाच्या) सावलीला बसून एकेकाच्या तोंडाकडं बघते आणि प्रत्येक जण "एकच घास" म्हणत टाकतो. पंचवीस माणसांचे पंचवीस घास! लेकरं तर भज्जीच्या पातेल्याची खरपूड काढून तिच्यापुढं ठेवतात. आमचे मामा (सासरे) म्हणतात, मुक्या जनावराला सणाला उपाशी ठेवलं तर पाप लागंल. त्यांना कोण समजावणार?

यातलं नेमकं काय बाधतं? त्या दिवशी काय दिलेलं चालेल? आणि ढाळ लागलेच तर घरी काय करायचं, डॉक्टरकडं कधी पळायचं? तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून विचारतेय.

उदगीरकर:
ताई, एरवी भाकरी-ताकावर असलेल्या पोटात एकदम तेल, बेसन, गूळ, दूध गेलं की ढाळ लागणारच. रोजचा आहार बदलायचा असला तरी आठ-दहा दिवस घ्यावेत. सुरुवातीला पाव हिस्सा नवं, बाकी जुनं, मग हळूहळू वाढवायचं. फार तेलकट खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येते, ते दुखणं साधं नाही.

पण तुमच्या यादीत माझी नजर लसणावर गेली. भज्जीत लसूण, आंबिलीत लसूण, चटणीत तर विचारूच नका. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्यानं तो गुण जात नाही. एका घासानं काही होत नसेल, पण पंचवीस घासांची बेरीज होते. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, जनावर मरगळतं. खिरीत मनुके टाकत असाल तर खीर अजिबात नको, मनुके-द्राक्षांनी किडनी जाऊ शकते.

रानातला_माणूस:
आमच्या वस्तीवरची कुत्री सगळं खातात, काही होत नाही. उगं लाड आहेत हे.

उदगीरकर:
दादा, वस्तीवरचं कुत्रं ढाळलं तर उसात जाऊन ढाळतं. तुम्ही कुठं बघायला जाता?

ताई, ढाळ लागले तर पाणी तोडू नका, थोडं थोडं पाजत राहा. एक वेळ खाणं टाळलं तरी मोठ्या कुत्र्याला चालतं (पिल्लाला नाही). मग मऊ भात आणि कातडी काढून उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. मेडिकलवरून माणसाच्या गोळ्या आणून देऊ नका. दुखण्यावरच्या आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकनं पोटात जखमा होतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. पटकन खाली बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. रक्त पडलं, पाणीही ओकली, निपचित पडली किंवा दोन दिवसांत ढाळ थांबले नाहीत तर थेट दवाखाना. आम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, तुम्ही आधी तालुक्याचा दवाखाना गाठा.

भाकरतुकडा:
आम्ही निघायच्या आधी घरीच तिला पोटभर घालतो. रानात वेगळा डबा नेतो: भाकरी, उकडलेलं अंडं, गाजराचे तुकडे. ज्याला घास टाकायचा त्यानं त्यातलाच टाकायचा. डबा घरातल्या सगळ्यात खमक्या पोरीकडं द्या, ती कुणाला जवळ फिरकू देत नाही. आणि उष्ट्या पत्रावळ्या उचलून गाठोडं बांधा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

धागाकर्ती:
डब्याची युक्ती झकास! मामांच्या हातानंच पहिलं अंडं देते, म्हणजे पापाचाही प्रश्न मिटला. लसणाचं खरंच माहीत नव्हतं. अजून एक विचारायचं राहिलं: येळवशीनंतर घरी मटण होतं, त्यातली शिजलेली हाडं चालतात का?

उदगीरकर:
नाही. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात. रस्साही नको, त्यात कांदाच असतो. मसाला घालायच्या आधी दोन-चार बिनहाडाचे, चरबी काढलेले तुकडे बाजूला काढून उकडून द्या.