विषय: वीजबिलातला 'वाइल्डफायर फंड चार्ज', हे काय प्रकरण आहे?

मंदार, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

टेक्सासहून इकडे कॅलिफोर्नियात आल्यावर पीजीअँडईचं (पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, इथली वीज कंपनी) बिल पहिल्यांदाच नीट वाचायला घेतलं आणि गरगरलं. वीज 'एव्हा' या स्थानिक सरकारी संस्थेची, तारा पीजीअँडईच्या, इथवर समजलं. पण खाली 'वाइल्डफायर फंड चार्ज', 'वाइल्डफायर हार्डनिंग चार्ज', 'रिकव्हरी बाँड चार्ज' आणि लगेच तेवढंच 'रिकव्हरी बाँड क्रेडिट'! कंपनीचं 2019 मध्ये दिवाळं वाजलं होतं ना? मग तेव्हाचं देणं आता आपण फेडतोय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. तो तरी फुकट असेल.

सुहासकाका, वॉलनट क्रीक

मंदार,

दिवाळं म्हणजे दुकानाला कुलूप, असं इथे नसतं. दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 11 मध्ये कंपनी चालूच राहते. 29 जानेवारी 2019 ला पीजीअँडईने अर्ज केला तेव्हा वीज कुणाची गेली नाही, थांबले ते तिच्यावरचे खटले.

कारण तुला ऐकून माहीत असेल. 8 नोव्हेंबर 2018, 'कॅम्प फायर' नावाचा वणवा. ब्यूट काउंटीतल्या जवळजवळ शंभर वर्षं जुन्या लाइनच्या टॉवरवर तार ज्याला टांगलेली होती तो लोखंडी आकडा झिजून झिजून तुटला. वारा सुटलेलाच होता. पॅराडाइज गाव बेचिराख झालं, 85 माणसं गेली. 2020 मध्ये कंपनीने मनुष्यवधाचे 84 गुन्हे कोर्टात कबूल केले आणि दंड झाला 35 लाख डॉलरच्या आसपास. कंपनीला तुरुंगात कसं घालणार!

कॅलिफोर्नियात तारेमुळे आग लागली की निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई वीज कंपनीच्या गळ्यात पडू शकते. 2017 आणि 2018 च्या आगी धरून देणं 30 अब्ज डॉलरच्या वर जाईल, हा खुद्द कंपनीचा अंदाज होता.

आता तुझं बिल. फंड चार्ज जुन्या आगींसाठी नाही, पुढच्या आगींसाठी आहे. जुलै 2019 मध्ये एबी 1054 कायदा झाला, त्यातून 21 अब्जांचा फंड ठरला. निम्मे पैसे वीज कंपन्यांच्या भागधारकांचे, निम्मे आपले. गंमत अशी, की 2001 च्या वीजटंचाईत राज्याने घेतलेल्या कर्जापोटी आपल्या बिलात एक आकार आधीपासून होता आणि तो संपत आला होता. तोच नाव बदलून 2035 पर्यंत चालू ठेवला. 2025 मध्ये आणखी 18 अब्जांची भर घालून मुदत 2045 वर नेली आहे. तरी हा चार्ज युनिटमागे जेमतेम अर्धा सेंट. बाँडच्या दोन ओळी 2017 च्या आगींच्या खर्चाच्या. क्रेडिट कंपनीने त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून येतं. तो पैसा पुरतोय तोवर चिंता नाही.

खरी वाढ या ओळींत दिसतच नाही, ती तारांच्या दरात मुरलेली आहे. 2021 च्या 'डिक्सी फायर' या वणव्यानंतर कंपनीने 10,000 मैल तारा जमिनीखाली घालायचं जाहीर केलं. मैलाला खर्च तीस लाख डॉलरच्या घरात. वेष्टण घातलेली तार खांबावरच ठेवली तर त्याच्या कितीतरी कमीत होतं. पण खोदकाम हा भांडवली खर्च, त्यावर भागधारकांना दहा टक्क्यांच्या आसपास परतावा मंजूर असतो. झाडं छाटण्यात तसा नफा नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये वीजदर मंजूर करणाऱ्या राज्याच्या आयोगाने थोडा लगाम लावला, म्हणजे 1,230 मैल जमिनीखाली आणि 778 मैल वेष्टणाच्या तारा. तरीही घरगुती बिल महिन्याला सरासरी तीसेक डॉलरने वाढलंच.

वैशाली, सॅक्रामेंटो

काका, बिलाचं छान समजावलंत, पण ज्यांची घरं गेली त्यांचं काय झालं ते राहिलं. आमच्याकडे एसएमयूडी या सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक संस्थेची वीज, म्हणून बिलाबद्दल मी गप्प बसते. पण माझी एक सहकारी पॅराडाइजची. दावा दाखल करताना स्वयंपाकघरातल्या कुठल्या खणात काय होतं ते आठवून लिहीत बसायची. मधेच थांबून म्हणायची, चमचे राहिले.

विमा कंपन्यांना 11 अब्ज मिळाले, रोख. आगग्रस्तांच्या ट्रस्टला 13.5 अब्ज म्हणे, पण त्यातले निम्मेच रोख, बाकी पीजीअँडईचे शेअर! साधारण 47 कोटी 70 लाख शेअर. त्यांचे 6.75 अब्ज व्हायला भाव 14 डॉलरच्या वर हवा. जुलै 2020 मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली तेव्हा तो होता नऊच्या आसपास. ज्या कंपनीने घर जाळलं तिचाच शेअर चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसायची पाळी! नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण 30 जून 2020 पर्यंत दिवाळखोरीतून बाहेर पडायची योजना मंजूर झाली नसती तर काकांनी सांगितलेल्या फंडात कंपनीला जागा मिळाली नसती. मत दिलेल्या आगग्रस्तांपैकी 85 टक्क्यांहून जास्त जणांनी होकार दिला. मंजूर झालेली रक्कमही मग टक्क्याटक्क्याने हातात पडत राहिली.

प्राची, ओरिंडा

2019 ची दिवाळी कुणी विसरलं नसेल ना? ऐन लक्ष्मीपूजनाला, वाऱ्यात तारांमुळे आग लागू नये म्हणून कंपनीने केलेली वीज बंद, राज्यभर नऊ लाखांहून जास्त ग्राहकांची. पणत्यांना तोटा नव्हता, पण शेगडी विजेची, त्यामुळे चकलीचं पीठ तसंच राहिलं. आपल्या गावी लोडशेडिंगचं वेळापत्रक तरी पेपरात यायचं.

घरात कुणाचं सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं) किंवा ऑक्सिजनचं यंत्र असेल तर 'मेडिकल बेसलाइन'चा अर्ज जरूर करा. स्वस्त दराचे युनिट वाढतात आणि वीज बंद करण्याआधी जास्तीची सूचना मिळते. डॉक्टरांची सही लागते. आणि डोंगराकडे घर बघत असाल तर ऑफर देण्याआधी विम्याचा भाव काढा. आमची पॉलिसी एका कंपनीने पुढे चालू ठेवली नाही. फेअर प्लॅन, म्हणजे कुणीच विमा देईना तेव्हाचा शेवटचा पर्याय, घ्यावा लागला, वर बाकीच्या गोष्टींसाठी वेगळी पॉलिसी.

सुहासकाका, वॉलनट क्रीक

वैशाली, बरोबर बोललीस.

मंदार, गाडी संध्याकाळी चार ते नऊच्या मध्ये चार्ज करू नकोस, बाकी तुझ्या हातात फारसं नाही. सांता क्लारात शहराची स्वतःची वीज आहे, दर आपल्या निम्म्याहून कमी. पण त्यांच्या तारा जंगलातून जात नाहीत, हेही धर. सॅन फ्रान्सिस्कोने 2019 मध्ये शहरापुरत्या तारा विकत घ्यायला अडीच अब्ज देऊ केले होते. कंपनीने नाही म्हटलं.

मंदार, फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. सांता क्लारातल्या घरांचे भाव आत्ताच पाहिले. बिल भरून टाकतो.