मदत हवी आहे: बिब्बा उतला, आता आंबा-काजूही टाळायचे का? (रेणूच्या रचनेबद्दल प्रश्न)

नमस्कार. त्वचारोग, इम्युनॉलॉजी किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रातलं कोणी इथे असेल तर मदत हवी आहे.

आईला बिब्बा उतलाय. डिंकाच्या लाडवांसाठी तिने गावाकडून आलेले बिबवे घरीच फोडून गोडंबी काढली. हे काम तिने आयुष्यभर केलंय, कधी काही झालं नव्हतं. यंदाही त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आणि रात्रीतून मनगटापर्यंत पाणी भरलेले बारीक फोड आले. तेलाचा हात लागला असेल तिथे, म्हणजे मानेवर आणि एका पापणीवरही सूज. त्वचारोगतज्ज्ञांचं औषध चालू आहे, फोड सुकताहेत, त्यामुळे औषध विचारत नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "आंब्याचा चीक आणि काजूची टरफलं यांपासूनही जपा." मामाकडे कोकणात दोन्हींची बाग आहे आणि मार्चनंतर आईचा मुक्काम तिथेच असतो, म्हणून काळजी वाटते.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वाचून एवढं समजलं: बिब्ब्याच्या तेलातल्या भिलावनॉलमध्ये कॅटेकॉलचं कडं असतं, म्हणजे शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल (OH गट), आणि त्यांना लागून 15 कार्बनची शेपटी. रेणुभार 318 च्या आसपास. इतका लहान रेणू प्रतिकारसंस्था एकटा असताना ओळखत नाही, तो आधी एखाद्या प्रथिनाला चिकटावा लागतो. अशांना हॅप्टेन म्हणतात. त्वचेत कॅटेकॉलचं ऑक्सिडीकरण होऊन ऑर्थो-क्विनोन हा क्रियाशील रेणू तयार होतो आणि प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा सल्फर किंवा लायसिन या अमिनो आम्लाचा नायट्रोजन त्याच्याशी पक्का बंध जोडतो. इथवर ठीक.

पण आंब्याच्या चिकात आणि काजूच्या टरफलात असतात ती रिसॉर्सिनॉलं, म्हणजे दोन हायड्रॉक्सिलांच्या मध्ये एक कार्बन मोकळा. त्यातून सरळ क्विनोन होऊ शकत नाही. मग बिब्बा उतलेल्याला ती का बाधावीत? आणि शेपटी तर नुसती हायड्रोकार्बनची, ती काय करते?

रानकेवडा:
ताई, आधी आईंना लवकर आराम पडो.

रेणू प्रथिनाला चिकटण्यावर सगळं अवलंबून असतं, हे लँडस्टायनर आणि जेकब्स या संशोधकांनी 1935 मध्ये गिनीपिगांवर दाखवलं. त्यांनी क्लोरिन आणि नायट्रो गट असलेली बेन्झीनची संयुगं घेतली. ज्यांचा क्लोरिन सहज सुटतो त्यांनी ॲलर्जी जडवली, ज्यांचा घट्ट बसलेला असतो त्यांनी नाही. वर्गात सांगण्याजोगं उदाहरण आहे, कारण डायनायट्रोक्लोरोबेन्झीनमध्ये नायट्रो गट क्लोरिनच्या ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागी असतात म्हणूनच तो सुटतो. एक गट मेटाला (एक जागा सोडून) नेला की तसा सुटत नाही.

शेपटीचं काम मात्र निष्क्रिय मुळीच नाही. नुसतं कॅटेकॉल पाण्यात विरघळतं, त्वचेच्या स्निग्ध थरात टिकत नाही. 15 कार्बनांमुळे रेणू आत शिरतो आणि मुक्काम ठोकतो. शेपटीत दुहेरी बंध जास्त असले तर त्रासही सहसा जास्त होतो. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या खाज आणणाऱ्या झाडाचं उरुशिऑल याच घराण्यातलं. 2016 मध्ये असंही दिसलं की त्वचेतल्या लँगरहान्स पेशींवरचा (या प्रतिकारसंस्थेच्या पहारेकरी पेशी) सीडी1ए नावाचा रेणू उरुशिऑलची शेपटी आपल्या खोबणीत धरून ते टी-पेशींना, म्हणजे ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतो. म्हणजे प्रथिनाला चिकटणं हा एकच मार्ग नाही.

रिसॉर्सिनॉलबद्दल: त्वचेतली विकरं त्यावर आणखी एक हायड्रॉक्सिल बसवतात आणि मग क्विनोन होतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. असे रेणू स्वतः हॅप्टेन नसतात, शरीरात गेल्यावर होतात. शेपटी जवळजवळ तीच असल्याने टी-पेशींची गल्लत होणं मला तरी पटतं.

माळरान:
आमच्याकडे बिबवे फोडणाऱ्या बायांचे हात कायम काळे पडलेले असतात. ते सगळं ॲलर्जीचं नसतं, तेल मुळातच जाळणारं आहे. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात तेव्हाही कातडी भाजतेच. फरक वेळेत दिसतो: भाजलं तर लगेच आणि तेल लागलं तेवढ्याच जागी, ॲलर्जी असेल तर एक-दोन दिवसांनी. ताईंचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं वाटतं. आधी वर्षानुवर्षं काही न होता नंतर जडणं नवलाचं नाही, आणि एकदा टी-पेशींनी ओळखलं की त्या विसरत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. सीडी1ए माहीतच नव्हतं, त्यावर आता वाचते. मग आईने आंबा खायचाच नाही का? आणि काजूगर?

रानकेवडा:
हे रेणू मुख्यतः चिकात आणि सालीत असतात. देठाकडचा चीक काढून, धुऊन, दुसऱ्या कोणी सोलून फोडी दिल्या तर बहुतेकांना चालतात. साल दातांनी सोलणं आणि कोय चोखणं टाळा, ओठांभोवती उततं. टरफलाचं तेल न लागलेला, भाजलेला स्वच्छ काजूगर सहसा बाधत नाही, पण ओले काजू सोलायला आईंना अजिबात बसवू नका. काजूगर खाऊन लगेच अंगावर गांधी उठणं किंवा घसा आवळणं ही वेगळी ॲलर्जी, ती काजूतल्या मोठ्या प्रथिनांची असते. तसं झालं तर थेट रुग्णालयात. आणि कोकणात जाण्याआधी त्याच डॉक्टरांना विचारून घ्या. पापणीवर सूज आली होती, हे त्यांना पुन्हा आवर्जून सांगा.