मदत हवी आहे : मुलांचे मोबाईल शाळेत जमा कसे करता?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवतो. आठवी ते दहावीची बरीच पोरं दप्तरातून मोबाईल आणतात. सरसकट बंदी घाला म्हणणं सोपं आहे हो! पण जांबोटी-कणकुंबीकडची मुलं बसनं येतात, पावसाळ्यात त्या बाजूला गाडीचा नेम नसतो. संध्याकाळी मुलगी स्टँडवर अडकली तर घरी कळवणार कशी? पालकांचं हे म्हणणं मला पटतं.

म्हणून प्रार्थनेआधी मोबाईल बंद करून जमा करायचा, सुटताना परत द्यायचा, असा विचार आहे. खिशात मात्र नकोच. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय, की एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासात यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. म्हणजे अर्धा पिरियड गेलाच की.

अडचण पुढची. जमा केलेल्या फोनची काच फुटली किंवा फोनच गेला, तर भरून कोण देणार? पालकांकडून आधी लिहून घेता का? त्यात काय मजकूर असतो? कपाटाची किल्ली वर्गशिक्षकाकडे की ऑफिसात? साधा बटणांचा फोन चालेल, स्मार्टफोन नाही, असा नियम कुणी करून पाहिलाय का? (काही पोरं जुना डबडा जमा करतील आणि खरा दप्तरात ठेवतील, ही शंका आहेच.)

बेळगाव, निपाणी, चंदगडकडच्या शिक्षकांनी आपल्या संमतीपत्राचा नमुना इथं टाकला तर पालकसभेत मांडता येईल.