शकुंतलेचं अंजनगाव स्टेशन, जुनी माहिती कुठं मिळेल?

पानमळा_अंजनगाव
नमस्कार मंडळी. 'शकुंतला' म्हणतात त्या मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेजवरच्या (अरुंद रुळांच्या लाईनवरच्या) आमच्या अंजनगाव स्टेशनची माहिती गोळा करतोय. २०१६-१७ च्या सुमारास गाडी थांबली ती थांबलीच, आता रुळावर बाभळी आल्यात आणि ज्यांनी ही गाडी रोज वापरली ती माणसं एकेक करून कमी होताहेत, म्हणून घाई. नेटवर शोधलं की सगळीकडं तोच एक मेसेज, "देशातली एकमेव रेल्वे जी अजून इंग्रजांच्या मालकीची आहे, दरवर्षी कोट्यवधी रुपये लंडनला जातात". बरं, पण आमचं स्टेशन का बांधलं, माल काय चढायचा, तिकिटं कोण द्यायचं, यातलं काहीच कुठं नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पानमळे आणि पानपिंपळी, आजोबा पानाच्या करंड्या या गाडीनं मूर्तिजापूरला पाठवायचे असं ऐकत आलोय. कागदोपत्री काही सापडेल का? आणि एवढ्या कापसाच्या मुलखात रेल्वे टाकायचीच होती तर मग ही इतक्या अरुंद रुळांची छोटी लाईन का टाकली?

गार्डाचा_झेंडा
आधी त्या मेसेजबद्दल बोलतो कारण त्यानं खरा इतिहास पार झाकून टाकलाय. लाईन किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, ही कंपनी १९१० ची. किलिक निक्सन ही मुंबईत १८५७ ला सुरू झालेली पेढी, मालक तेव्हा इंग्रज होते हे खरं, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात गेली. त्यामुळं लंडनला पैसे वगैरे सोडून दे. गाड्या कंपनीनं स्वतः चालवल्याच नाहीत, आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि नंतर मध्य रेल्वेनं चालवल्या आणि करारानुसार कंपनीला हिस्सा दिला. राष्ट्रीयीकरणात ही लाईन तेवढी सुटून राहिली.

आता छोटी का, तर वऱ्हाडातून जीआयपीची मेन लाईन १८६० च्या दशकात गेली, भुसावळ-अकोला-बडनेरा-नागपूर अशी. खामगावला आणि अमरावतीला लगेच फाटे मिळाले, कापसाचे मोठे बाजार होते ना. अचलपूर एके काळची वऱ्हाडची राजधानी, पण ते आणि यवतमाळ दोन्ही लांब राहिले, कापूस बैलगाडीनं मेन लाईनपर्यंत आणायचा. म्हणून मूर्तिजापूर मध्ये धरून एक हात अचलपूरकडं ७६ किमी आणि दुसरा यवतमाळकडं ११३ किमी. रुळांतलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, रूळ हलके, भराव कमी, डबे छोटे, खर्चही कमी. कंपनी खाजगी, तिला कमी पैशात लाईन हवी होती. पुलगाव-आर्वी ही ३५ किमीची लाईनही याच कुटुंबातली, ती १९१७ ची.

पण माझ्या मते लाईन मेली ती याच स्वस्ताईमुळं. मूर्तिजापूरला कापसाची प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) काढून मोठ्या वाघिणीत भरावी लागायची. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, पावसाळ्यात माल भिजायची भीती वेगळी. ट्रक थेट जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) दारात यायला लागला तेव्हा कोण कशाला हा घोळ घालेल? माल गेला आणि मग फक्त गरीब पॅसेंजर उरला, आणि त्याच्या तिकिटावर रेल्वे काय चालणार.

दर्यापूरचा_पोट्टा
भाऊ मी बनोसा स्टेशनचा, म्हणजे दर्यापूर. शेवटच्या वर्षांतली गाडी मी भरपूर पाह्यली, ते सांगतो. स्टेशनवर तिकीट द्यायले कोणी नसेच, गार्डच खाली उतरे आणि तिकिटं फाडे, मंग चढून झेंडी दाखवे. रस्ता आला की गाडी फाटकाच्या अलीकडं उभी राहे, फाटकवाला गाडीतच बसेल असे, तो उतरून फाटक लावे, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून पळत येऊन चढे. असं प्रत्येक फाटकाले. मंग ७६ किलोमीटरले चार तास लागतील नाही तं काय. पण एसटीच्या मानानं तिकीट लय कमी, म्हणून शेतमजूर बाया, दूधवाले, भाजीवाले सगळे यातच. आमच्या घरचे बाजाराले अंजनगावले याच गाडीनं जात. वाफेचं इंजिन मले आठवत नाही, ते १९९४ ले गेलं आणि डिझेल आलं, पण वडील सांगतात की त्याची शिट्टी ऐकूनच आजी चुलीवर भाकर टाके. गाडी बंद झाली तेव्हा ज्यांच्याजवळ गाडीघोडं होतं त्यायले काहीच फरक नाही पडला. ज्यायच्याजवळ नव्हतं त्यायचा बाजार बंद झाला, हे लिहजो बापा.

पानमळा_अंजनगाव
दोघांचेही मनापासून आभार. फाटकाचं आमच्याकडंही तसंच होतं, पण असं कुणी लिहून ठेवलेलं नाही म्हणून तुमचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवतोय. करंड्यांचं मात्र अजून कळलं नाही.

जुने_नकाशे
करंड्यांसाठी पार्सल आणि मालाची रजिस्टरं पाहायला हवीत, ती बहुतेक ठिकाणी मुदत संपली की नष्ट करतात, तरी रेल्वेच्या भुसावळ डिव्हिजनला माहिती अधिकारात अर्ज टाक, पण "सगळी माहिती द्या" असं नको लिहूस, ठरावीक स्टेशन आणि ठरावीक वर्षं लिही, नाहीतर "उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) दोन वेळा निघालंय, १९११ चं लाईन व्हायच्या आधीचं आणि १९६८ चं नंतरचं. दोन्ही शेजारी ठेवून अंजनगावचा बाजार आणि दळणवळण वाच, लाईनीनं काय बदललं ते तिथंच दिसेल. नागपूरच्या पुराभिलेखागारातही एक चक्कर मार. आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढ, रेल्वेची हद्द, स्टेशनकडं जाणारी जुनी बैलगाडीवाट असं त्यात सापडू शकतं.

हे लवकर करायचं कारण म्हणजे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाईन. २०१६ ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ही लाईन ब्रॉडगेज करायची घोषणा झाली, अजून आमच्याकडं काम नाही. यवतमाळला मात्र वर्ध्याकडून वेगळी ब्रॉडगेज येतेय, फेब्रुवारी २०२४ ला कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. उद्या अचलपूरकडंही काम निघालं तर जुनी इमारत पाडायला एक दिवस पुरतो. ब्रॉडगेज हवीच, तालुक्याला तिची गरज आहे, त्याबद्दल दुमत नाही, पण आधी टेप घेऊन जा, फलाटाची लांबी, खोल्या, दारं-खिडक्या, मालधक्क्याची उंची सगळं मोजून फोटोसकट ठेव.

दर्यापूरचा_पोट्टा
मोजायले माणूस लागला तं सांग, रविवारी येतो. बनोस्याचंही याच पद्धतीनं करून घेऊ. आणि आमच्या गल्लीत मूर्तिजापूरच्या इंजिन शेडमधून रिटायर झालेले एक काका हायेत, पानाच्या करंड्यायचं त्यायले विचारून पाहतो, पण फोनवर नाही बोलत ते, समोर बसून विचारावं लागते.

पानमळा_अंजनगाव
ये की. टेप माझ्याकडं आहे, काकांकडं आधी जाऊ आणि त्यांची तब्येत बरी असली तर त्यांनाच सोबत घेऊन स्टेशनवर येऊ, कोणती खोली कशाची ते जागेवर उभं राहून सांगतील.