फीसाठी बहीण धरण्यावर बसली आहे, कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवू शकतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले कास्तकार. साडेचार एकर वावर, त्यात सोयाबीन, तूर अन् थोडी पराटी (कापूस). लहान बहीण बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज खासगी, विनाअनुदानित. नाव लिहीत नाही. २०२४ ला कॅप राऊंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) नंबर लागला. ओबीसी, नॉन-क्रिमिलेयर आहे, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली.

बारावीनंतर घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. तेवढ्यात ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला, की व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मी तो मोबाईलवर बाबांना दोनदा वाचून दाखवला, तेव्हा ते हो म्हणाले. त्या कागदाच्या भरवशावर पोरगी शिकायला गेली आहे.

कॉलेजात गेल्यावर सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की परत करू. मामाकडून उसने घेऊन ५५,००० भरले. ते अजून परत नाहीत. यंदा पुन्हा तेच, वर विकास शुल्क वेगळं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ असला तरी आमचं पावसात भिजलेलं, व्यापाऱ्यानं ३८०० नं नेलं. आता कुठून भरायचे?

सोमवारपासून तीसेक मुली अन् काही मुलं गेटसमोर बसली आहेत. घोषणा देतात, दुपारी डबे उघडून तिथंच जेवतात, बाकी काही नाही. ऑफिसातून निरोप आला की फी बाकी असणाऱ्यांचा परीक्षा फॉर्म पुढं पाठवणार नाही, आणि बसणाऱ्यांची नावं पोलीस ठाण्यात देऊ. बाबा म्हणतात, तिला घरी घेऊन ये. ती म्हणते, दादा, मी उठले तर माझ्या मागच्या चौघी उठतील.

मला तिचं बरोबर वाटते. पण वर्ष गेलं तर पुन्हा शिकवायची आमची ऐपत नाही. फॉर्म असा अडवता येतो का? दाद कोणाकडं मागायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
भाऊ, तिला उठवू नका, पण नुसतं बसून राहू नका, कागद पुढं करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती पाहिजे. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील होतं. अर्ज तोंडी नको. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक अन् शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत गेल्या वर्षीची फीची पावती, कॅपचं अलॉटमेंट लेटर अन् महाडीबीटीवरची अर्जाची स्थिती छापून लावा. फॉर्म अडवण्याची धमकीही त्यातच लिहा, तारखेसह. तीच प्रत अमरावतीला तंत्रशिक्षण सहसंचालकांना द्या.

एक स्पष्ट सांगतो, विकास शुल्क त्या शासन निर्णयात नाही. ते शिक्षण शुल्कात मिसळून भांडाल तर मूळ मुद्दा कच्चा पडेल. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. त्यापेक्षा जास्त मागत असतील तर तक्रार तिकडंही करता येते.

शांतपणे जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. मात्र जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का, हे ठाण्यात विचारून घ्या अन् धरण्याची लेखी सूचना मुलांनीच आधी देऊन ठेवा. म्हणजे नावं देण्याची भीती कमी होते.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. उद्या सकाळच्या एसटीनं ते स्वतः माझ्यासोबत येतो म्हणतात. पावती सापडली, अलॉटमेंट लेटर बहिणीजवळ आहे. अजून एक विचारतो, अर्ज तिच्या एकटीच्या नावानं द्यावा की सगळ्या मुलींनी मिळून एकच द्यावा?