प्रतिसाद: हिप्परग्याच्या तळ्याकाठचे फोटो

गच्चीवरून काढलेले पट्टकादंबांचे (थंडीत येणाऱ्या, हंसासारख्या पाणपक्ष्यांचे) फोटो पांढुरके, धूसर येतात म्हणून मोठी लेन्स घ्यायची म्हणताय, तर जरा थांबा. दोष लेन्सचा वाटत नाही. आपल्या सोलापुरात थंडीतसुद्धा सकाळी दहानंतर जमीन तापते आणि तळ्यावरची हवा थरथरते. ६०० एमएमची मोठी लेन्स लावली तर ती थरथर अजून मोठी दिसेल, बाकी काही नाही (खिसा मात्र हलका होईल).

तुमची गच्ची पूर्वेकडे तोंड करून आहे म्हणता, म्हणजे सकाळी ऊन थेट समोरून. तेव्हा नुसतं निरीक्षण करा, टिपणं ठेवा. कॅमेरा चारनंतर काढा. सूर्य पाठीमागे गेला की कादंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट येतात. हे पक्षी रात्री आजूबाजूच्या गहू-हरभऱ्यात चरतात आणि दिवसा काठावर विसावतात. त्यामुळे संध्याकाळी थवा उठतो, ती वेळ साधा.

कवड्या खंड्या (काळा-पांढरा, मासे पकडणारा पक्षी) टिपायला सोपा आहे हो! मासा हेरताना एकाच जागी फडफडत राहतो, शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवा. पांढरा रंग जळू नये म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं कमी.

टिटवीचं मात्र वेगळं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती उघड्या खडीवरच अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की मागे फिरा. आई-बाप उठले की अंडी उन्हात भाजतात, शिवाय कावळे टपलेलेच असतात.

आणि एकदा गच्चीवरून खाली उतरा. पाण्याच्या पातळीवर बसून टिबुकलीचा (बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचा) फोटो काढा, मग लेन्सचं बोलू.